मोठ्या इंजिनाची, फेअरिंगवाली पल्सर खरंच येणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचवडमध्ये राहणाऱ्या आणि पल्सर चालवणाऱ्या माणसाला दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन हमखास येतो. नाशिकचा मावसभाऊ असतो, नाहीतर सोलापूरचा मित्र. "दादा, आरएस ४०० येतेय म्हणे. खरं का?" मी आधी पल्सर १५० चालवली, मग २२०, आणि २०१६ पासून आरएस २०० चालवतोय, म्हणजे फेअरिंगवाली पल्सर (फेअरिंग म्हणजे गाडीच्या पुढून-बाजूंनी वारा कापणारं कवच). कंपनीत नोकरीला नाही, पण कामासाठी रोज चाकणला, बजाजचा कारखाना आहे त्या भागात जातो आणि या गाड्यांवर मनापासून प्रेम आहे. म्हणून फोनवर जे सांगतो ते इथे लिहून ठेवतोय. जिथे माझा अंदाज आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलंय.

पल्सर आरएस ४०० नावाची गाडी आहे का?

नाही. २०२५ च्या अखेरपर्यंत तरी बजाज ऑटोने अशी गाडी दाखवलेलीही नाही आणि जाहीरही केलेली नाही. हे नाव आपण चाहत्यांनीच पाडलंय. फेअरिंगवाली आरएस २०० आहे, बिनाफेअरिंगची (म्हणजे 'नेकेड') एनएस४००झेड आहे, मग आरएस ४०० का नाही, एवढाच त्यामागचा हिशोब.

मग ही चर्चा सुरू कुठून झाली?

२०१४ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये बजाजने दोन मोठ्या पल्सर मांडल्या होत्या. एक सीएस ४००, रुंद छातीची, बिनाफेअरिंगची. दुसरी एसएस ४००, पूर्ण फेअरिंगची, पुढे दोन प्रोजेक्टर दिव्यांची. त्या दुसऱ्या गाडीचे फोटो पाहून आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांनी पैसे साठवायला सुरुवात केली होती. मीही केली होती.

पुढे काय झालं ते नीट लक्षात घ्या, कारण आजच्या प्रत्येक अफवेचं मूळ तिथेच आहे. मार्च २०१५ मध्ये एसएस ४०० चा तोंडवळा घेऊन एक गाडी आली, पण इंजिन होतं १९९.५ सीसीचं. तीच आरएस २००. डिसेंबर २०१६ मध्ये सीएस ४०० आली, पण पल्सर हे नाव काढून. तिचं नाव झालं डॉमिनार ४००. म्हणजे एका गाडीचा चेहरा मिळाला, दुसरीचं इंजिन मिळालं, आणि ज्या एका गाडीत हे दोन्ही एकत्र होतं ती एसएस ४०० आलीच नाही. अकरा वर्षं लोक विचारतायत ते याच गाडीबद्दल.

एवढी वर्षं आली नाही, तर आता येईल असं का वाटावं?

कारण ३ मे २०२४ ला पल्सर एनएस४००झेड आली. तोपर्यंत पल्सर या नावाखाली २५० च्या वरचं इंजिन विकलंच गेलं नव्हतं. एनएस४००झेड मध्ये ३७३ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन आहे, पेरिमीटर फ्रेम आहे, ४३ मिमीचे उलटे फोर्क (पुढचे शॉकअप) आहेत, पुढे ३२० मिमीची डिस्क आहे आणि वजन आहे १७४ किलो. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १ लाख ८५ हजार होती.

आता याच घरातला आधीचा नमुना बघा. २०१२ मध्ये २०० एनएस आली, तिच्याच फ्रेमवर आणि इंजिनावर २०१५ मध्ये आरएस २०० उभी राहिली. नेकेड गाडी आधी, फेअरिंगवाली तीन वर्षांनी. २०२४ मध्ये तीन मिळवले की जे साल येतं त्याकडे चाहत्यांचे डोळे लागलेत. हा नुसता अंदाज आहे. पण आधी हवेत चालायचा, आता त्याच्याखाली खरी फ्रेम आणि खरं इंजिन आहे. फरक आहे तो इथे.

इंजिन कोणतं असेल?

माझा अंदाज: एनएस४००झेडचंच. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६० मिमी. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः बघा. ८.९ सेंमीचा वर्ग ७९.२१, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग ६ ने गुणा. ३७३.२७ येतात. हेच माप २०१३ च्या पहिल्या केटीएम ३९० ड्यूकचं होतं (केटीएम म्हणजे बजाजचा पैसा असलेली ऑस्ट्रियन कंपनी) आणि हेच डॉमिनारचं. एकच घराणं, फक्त सेटिंग वेगळं. ताकद केटीएममध्ये ४३.५ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्ती), पहिल्या डॉमिनारमध्ये ३५ पीएस, २०१९ च्या डॉमिनारमध्ये डबल ओव्हरहेड कॅम देऊन ४० पीएस.

एनएस४००झेडही आली तेव्हा ४० पीएसची होती. जुलै २०२५ मध्ये तिला ४३ पीएस, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) आणि मागे १५० चा रेडियल टायर मिळाला. किंमत झाली १ लाख ९२ हजार. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. नेकेड गाडीला एका वर्षात एवढं का दिलं, याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या इच्छेप्रमाणे देईल. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो फेअरिंगचाच.

शिवाय २०२३ मध्ये नवी ३९० ड्यूक ३९९ सीसीच्या नव्या इंजिनावर गेली. त्यामुळे जुनं ३७३ सीसी इंजिन पल्सरसाठी मोकळं झालं. चाकणला हे इंजिन दहा वर्षांहून जास्त काळ बनतंय. ते बनवायला शिकण्याचा खर्च कधीच वसूल झाला असेल.

आरएस २०० चंच इंजिन बोअर करून मोठं करता येणार नाही का?

नाही. तिचा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ४९. तिथून ३७३ पर्यंत जायचं तर क्रँककेसपासून सगळं नवं लागतं. गल्लीतला एखादा मेकॅनिक मोठा पिस्टन टाकून देतो म्हणाला तर हात जोडा आणि गाडी परत आणा.

दोन सिलिंडरची पल्सर?

शक्यता फार कमी. केटीएम आणि बजाजच्या ४९० सीसी ट्विनची चर्चा कितीतरी वर्षं चालली आणि ती गाडी शोरूममध्ये पोचली नाही. ट्विनचा आवाज हवाच असेल तर एप्रिलिया आरएस ४५७ बघा. ४५७ सीसी, जवळपास ४८ पीएस. आणि ती इटालियन नावाची गाडी बनते आपल्या बारामतीत, पियाजिओच्या कारखान्यात. मात्र २०२३ च्या शेवटी ती आली तीच ४ लाख १० हजारांना. पल्सरवाल्याचा खिसा तिथपर्यंत जात नाही, आणि पल्सरने तिथे जाऊही नये.

जीएसटी बदलल्यामुळे काही फरक पडेल का?

पडेल, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी लागतो. आधी तो २८ होता. ३५० च्या वर मात्र सरळ ४० टक्के. आधी २८ अधिक ३ टक्के सेस, म्हणजे ३१ होता.

आकड्यात सांगतो. करापूर्वी १ लाख ४० हजारांची गाडी धरा. ३५० च्या आत असेल तर ती १ लाख ६५ हजार २०० ला पडते. ३५० च्या वर असेल तर १ लाख ९६ हजारांना. फक्त २३ सीसी जास्त असल्याचे ३० हजार ८०० रुपये.

म्हणून "३५० च्या आतली मोठी पल्सर" ही नवी कुजबुज सुरू झालीय. कागदावर ते अवघड नाही. बोअर ८९ च ठेवला आणि स्ट्रोक ६० वरून ५६ मिमी केला तर इंजिन ३४८.४ सीसीचं होतं. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, कंपनीचा नव्हे. असं झालं तर थोडा टॉर्क (खेचायचा जोर) जाईल, पण आखूड स्ट्रोकचं इंजिन जास्त वेगाने फिरायला मोकळं असतं, आणि फेअरिंगवाल्या गाडीला तेच शोभतं. गाडीवर "४००" लिहिलेलं नसलं म्हणून मला काडीचाही फरक पडणार नाही. तीस हजारांत चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि बूट येतात.

घरात केटीएमची आरसी ३९० असताना बजाज ही गाडी का काढेल?

हा खरा प्रश्न, आणि एसएस ४०० अडली असेल तर इथेच अडली असं मला वाटतं. केटीएममध्ये बजाजचा पैसा २००७ पासून आहे. आरसी ३९० सप्टेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे आली, म्हणजे ऑटो एक्स्पोनंतर सात महिन्यांत. त्याच चाकणमधून, त्याच मापाच्या इंजिनाची, फेअरिंगची दुसरी गाडी कमी किमतीत काढली असती तर आरसीच्या पोटावर पाय आला असता.

आता परिस्थिती बदललीय. २०२५ मध्ये आरसी ३९० तीन लाखांच्या वर होती. आरएस २०० जानेवारी २०२५ मध्ये नवी होऊन आली ती १ लाख ८४ हजारांना. मधली जागा बघा. लाखाहून जास्त अंतर आहे आणि तिथे बजाजची एकही फेअरिंगवाली गाडी नाही. टीव्हीएसची अपाची आरआर ३१० तिथे २०१७ च्या डिसेंबरपासून आहे, आता ३८ पीएसची झालीय, आणि जीएसटीच्या नव्या रेषेच्या आतही बसते. त्यात केटीएम २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंची व्यवस्था करून तिला वर काढलं. कोणती गाडी कोणत्या नावाने विकायची, हे आता आकुर्डीत, म्हणजे बजाजच्या मुख्यालयात जास्त ठरेल.

पल्सर २००१ मध्ये आली तेव्हा १५० आणि १८० या दोनच होत्या. तोवर जिल्ह्याच्या गावातल्या पोराला वेग परवडतच नव्हता. पल्सरने तो परवडण्यासारखा केला. मोठी फेअरिंगवाली पल्सर यायला हवी ती याचसाठी. सव्वादोन लाखांच्या आसपास आली तर तिला अर्थ आहे. पावणेतीनला आली तर लोक थोडे पैसे घालून दुसरीकडे जातील, आणि ते चुकीचंही नसेल.

चाकणला झाकलेल्या गाडीचे फोटो फिरतायत. ते खरे कसे ओळखायचे?

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी साडेसहा, तळेगाव-चाकण रस्त्यावरची चहाची टपरी. लाल पाटीवर पांढरे आकडे असलेली एक गाडी समोरून गेली, अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेली. टाकीजवळ दोन्ही बाजूंना रुंद पत्रे दिसले आणि मी हातातला ग्लास तसाच ठेवून उभा राहिलो. एसएस ४००, दुसरं काय! ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं. मे महिन्यात एनएस४००झेड आली तेव्हा तेच रुंद पत्रे तिच्या टाकीच्या बाजूला होते. मी पाहिलेली गाडी बहुतेक तीच.

त्या दिवसापासून मी पत्र्यांकडे बघत नाही, चालवणाऱ्याकडे बघतो. त्याची कोपरं बघा. सरळ हँडल असेल तर कोपरं बाहेर फाकतात. क्लिप-ऑन (फोर्कला लावलेलं, दोन तुकड्यांचं खालचं हँडल) असेल तर कोपरं आत, टाकीच्या जवळ येतात आणि मनगटं खाली जातात. दुसरी गोष्ट आरसे. नेकेड गाडीचे आरसे हँडलवर असतात आणि हँडल वळलं की वळतात. फेअरिंगवर बसवलेले आरसे हँडल वळलं तरी जागचे हलत नाहीत. तिसरी गोष्ट फुटरेस्ट: गुडघा किती मोडलाय ते पाहा. या तीन गोष्टी फोटोत दिसत नसतील तर तो फोटो पुढे पाठवू नका. आणि रस्त्यावर अशी गाडी दिसली तर मागे लागू नका. तो माणूस त्याचं काम करतोय, आणि त्या गाडीचे ब्रेक तुमच्या गाडीपेक्षा चांगले असू शकतात.

टॉप स्पीड किती असेल?

एनएस४००झेड आली तेव्हा कंपनीने ताशी १५४ किमी सांगितले होते. फेअरिंगमुळे त्यात थोडी भर पडेल, पण लोक समजतात तेवढी नाही. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. १२० वरून १५० ला जायचं तर जवळजवळ दुप्पट ताकद लागते. त्यामुळे शेवटचे दहा किमी फार महाग पडतात. फेअरिंगचा खरा फायदा मला ९० ते ११० मध्ये वाटतो. पुणे-कोल्हापूर आरएस २०० वर गेलो की छातीवर वारा आदळत नाही, मान आखडत नाही. नेकेड गाडीवर कराडला पोचेपर्यंतच थकवा येतो.

लायसन्स वेगळं लागेल का?

नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स आहे, त्यात सीसीची मर्यादा नाही. कायद्याने अठराव्या वर्षी पोरगा ४३ पीएसच्या गाडीवर बसू शकतो. म्हणून सांगतो: आधी दोन वर्षं १५० किंवा १६० चालवा.

विमा आणि टॅक्स किती वाढेल?

विम्याची रेषासुद्धा ३५० सीसीलाच आहे. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये. दुपटीहून जास्त. महाराष्ट्रात रोड टॅक्सही सीसीवर ठरतो. ९९ ते २९९ सीसीला ११ टक्के, त्यावर १२ टक्के. एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश होऊ नका, ऑन-रोडचा कागद हातात घ्या.

पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गरम होईल का?

होईल. ३७३ सीसीचा एकच सिलिंडर, त्याभोवती फेअरिंग. हिंजवडीच्या सिग्नलला पंखा सुरू झाला की गरम हवा पोटरीवर येणारच. आरएस २०० वर मे महिन्यात मी जीन्सशिवाय बसत नाही. आणि हे इंजिन हळू फिरताना (कमी आरपीएमला) खडखडतं. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ने रमतगमत जायचं असेल तर ही गाडी तुमची नाही.

एवढी ताकद चालवायची कुठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, अटल सेतूवरही. चौपदरी महामार्गावर दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किमी. १५० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ ४२ मीटर जाते. आपल्या महामार्गावर उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतो, दुभाजकातून गाय निघते, पावसाळ्यानंतर खड्डा कुठे असेल सांगता येत नाही. ताम्हिणीत आणि वरंध्यात मी ओळखीची पोरं रेलिंगला धडकलेली पाहिली आहेत. त्यातला एक आज काठी घेऊन चालतो.

ताकद हवी ती ट्रक ओलांडायला. ७० वरून १०० ला चटकन पोचून परत डावीकडे येता येणं, हे मोठ्या इंजिनाचं खरं सुख. आणि वेगच अनुभवायचा असेल तर कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट आहे. वर्षातून एकदा ट्रॅक डे करा. पुढचं वर्षभर घाटात तोंड वाजवायची गरज उरत नाही.

डीलर म्हणतोय टोकन द्या, पहिल्या लॉटमध्ये गाडी देतो. देऊ का?

देऊ नका. २०१४ च्या दिवाळीला मी एका शोरूममध्ये एसएस ४०० साठी पाच हजार दिले होते. सेल्समनने वहीच्या पानावर सही करून दिली, "जानेवारीत गाडी दारात." जानेवारी गेला, सेल्समनही नोकरी सोडून गेला. शोरूमने हात वर केले, कारण त्यांच्या पावतीपुस्तकात माझं नावच नव्हतं. पैसे परत मिळायला आठ महिने आणि वडिलांची एक ओळख लागली. जी गाडी कंपनीने जाहीर केलेली नाही तिचं बुकिंग होऊच शकत नाही. जाहीर झाल्यावरही छापील पावती आणि त्यावर मॉडेलचं नाव असल्याशिवाय रुपया देऊ नका.

मागे आई बसू शकेल का?

बाजारापर्यंत, हो. आळंदीपर्यंत, नको. मागची सीट उंच आणि अरुंद असते, आणि धरायला नीट काही नसतं.

पैसे हातात आहेत. थांबू, की आहे ते घेऊ?

तुमच्याकडे चालू गाडी आहे का, त्यावर ठरवा. नसेल तर थांबू नका. एनएस४००झेडचा २०२५ चा मॉडेल चालवून बघा. ज्या इंजिनाची सगळे वाट बघतायत ते त्यात आजच आहे, फक्त फेअरिंग नाही. फेअरिंगच हवी असेल तर आरएस २०० आणि आरआर ३१० एकाच दिवशी, एकामागून एक चालवा. शोरूमच्या मागच्या गल्लीत नको. किमान एक उड्डाणपूल आणि एक खराब रस्ता येईल असा फेरा मागून घ्या.

आणि तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी आरएस २०० असेल, तर नव्या गाडीच्या आशेवर तिला टाकून देऊ नका. गेल्या महिन्यात मी माझीची चेन-स्प्रॉकेट बदलली, कूलंट बदललं, मागचा टायर नवा घातला. त्या रविवारी पहाटे भोरपर्यंत जाऊन आलो. पहिल्या वर्षी ओढायची तशीच ओढते. नवी गाडी येईल तेव्हा शोरूमलाही हिच्यावरच जाईन.